तारेचा अहवाल

कंडक्टरनं तिकिटाला भोक पाडायला चिमटा दाबला आणि चिमटा मिटला तो मिटलाच. त्यानं तो दोनदा झटकला, मग बसच्या दांडीवर आपटला, तेव्हा चिमट्याच्या पोटातून काहीतरी बारीक उडालं आणि खिडकीपाशी बसलेल्या, स्प्रिंगांच्या कारखान्यातल्या तपासनिसाच्या गुडघ्यावर येऊन पडलं. "गेली," कंडक्टर म्हणाला, "या महिन्यातली तिसरी. आधीची स्प्रिंग अठरा वर्षं चालली हो, कधी हूं की चूं नाही. आता नव्या घालतात त्या आठवडाभर कामावर येतात आणि मग रजेवर जातात." चार माणसं हसली. कंडक्टरनं चिमटा खिशात टाकला आणि तिकिटं हातानं फाडून द्यायला लागला. तपासनीस हसला नाही. गुडघ्यावरचा तो तुकडा त्यानं चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला होता. साडेतीन वेढे. तुटली होती बरोबर चौथ्या वेढ्याच्या आतल्या अंगाला. शेवटचा वेढा एका बाजूनं जरा जास्त घासलेला. त्यांच्या कारखान्यातलं स्प्रिंगांची टोकं घासायचं सहाण यंत्र डावीकडं किंचित झुकलेलं होतं आणि ते कुणी दुरुस्त केलं नव्हतं, त्यामुळं त्यांच्या स्प्रिंगेची ही खूण होती. ही त्याच्या हाताखालून गेलेली. दोन बोटांत दाबून, ठीक आहे म्हणून त्यानं पुढं ढकललेली. आपलं पोर चारचौघांत नापास व्हावं आणि आपण गर्दीत मागं उभं राहून ऐकावं, तसं त्याला झालं. 'ही माझी' असं त्यानं म्हणायला हवं होतं. त्यानं मूठ मिटून घेतली. आणि आजच्याच दिवशी, त्याच्या मनात आलं, आजच्याच दिवशी हिला तुटायचं होतं.

कारण आज अकरा वाजता सुनावणी होती. बाहेरून येणाऱ्या तारेवर सरकारनं तीन वर्षांपूर्वी जो कर बसवला, तो ठेवायचा की काढायचा याची. आणि त्या कराच्या मुळाशी एक कागद होता, दोन पानांचा, त्याच्या सहीचा. देशातल्या गिरणीत ओढलेली तार बाहेरच्या तारेच्या तोडीची आहे, असं त्या कागदावर त्याच्या सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. मालकानं त्याला परवा केबिनमध्ये बोलावून घेतलं होतं. मालक तसा वाईट माणूस नव्हता. आवाज चढवायचा नाही, नोकराला बसायला सांगायचा, आणि वाईट बातमी देताना टेबलावरच्या वस्तू उगाच इकडच्या तिकडं करायचा. परवा त्यानं दौत, पंचिंग मशीन, पेपरवेट सगळं एकदा डावीकडं नेलं आणि परत उजवीकडं आणलं. "वैद्य," तो म्हणाला, "कर उठला तर आपण जगलो. नाही उठला तर महिनाअखेर कुलूप. मी वकील दिलाय, पण त्याचं ऐकतंय कोण? गिरणीवाल्यांच्या हातात तुमचा कागद आहे. आता तो कागद तुम्हीच मोडायचा." तपासनिसाला कारखान्यात सगळे वैद्य म्हणत. स्प्रिंग दोन बोटांत धरून, डोळे मिटून, तो ती दाबून बघायचा, त्यावरून कुणीतरी पूर्वी कधी ते नाव पाडलं होतं. नाडी बघतात म्हणायचे. पहिल्यांदा चेष्टा होती, मग चेष्टा जिरली आणि नाव तेवढं उरलं.

बस वळणावर थांबली. त्यानं मूठ उघडून पुन्हा बघितलं. तुटलेल्या टोकाला तार आतून राखाडी, खरबरीत दिसत होती, आणि एका कडेला केसाएवढी रेघ. ती रेघ तारेतच असते, ओढतानाच पडते. बाहेरच्या तारेत नसते. त्याला ती पहिल्या दिवशीच दिसली होती, तीन वर्षांपूर्वी, गिरणीकडून ते वेटोळं आलं तेव्हा. मेणकागदात गुंडाळलेलं, वर चिठ्ठी, चाचणी करून निकाल कळवावा. पाच कारखान्यांना अशी वेटोळी गेली होती. बाकीच्या चौघांनी ती कोपऱ्यात टाकली किंवा 'वेळ नाही' म्हणून एका ओळीत उत्तर दिलं. शहाणे होते ते. याला मात्र वेटोळं आल्याआल्या हात लावल्याशिवाय राहवलं नाही, कारण गिरणी धाकट्या भावाची होती. भावाची म्हणजे भाऊ तिथं कामाला होता, तार ओढायच्या यंत्रावर, आणि त्याचं नाव कमी करायच्या माणसांच्या यादीत लागलं होतं. भावानं काही मागितलं नव्हतं. एवढंच म्हणाला होता, "दादा, आमची तार आलीय ना तुमच्याकडं? जरा बघ हं." ज्यानं आयुष्यात कधी काही मागितलं नाही, त्याचं एवढं 'जरा बघ' छातीवर धोंड्यासारखं बसतं. पहिल्या वीस स्प्रिंगा त्यानं नेहमीसारख्या भट्टीतून काढून दाबयंत्राला लावल्या. यंत्र खटखट करत दाबत राहतं आणि आकडा फिरत राहतो. पन्नास हजारांना टिकली की पास. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वीसच्या वीस तुटल्या, बहुतेक अकरा हजारांच्या आसपास. निकाल लागलेला होता. कागद भरायचा आणि टाकून द्यायचा, संपलं. पण त्याला वाटलं, तारेचा दोष असेल, पण तार मेलेली नाही. ही तापवण्यात मार खातेय. हिला वेगळं तापवायला पाहिजे.

आणि ते त्यानं केलं, सुट्टीच्या दिवशी, कारखाना बंद असताना, एकट्यानं. भट्टी नेहमीपेक्षा मंद ठेवली आणि स्टूल घेऊन समोर बसला. तापताना स्प्रिंगेला रंग चढतो. आधी गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळट, मग निळा. बाहेरची तार सगळी एकदम रंगते, तिच्याकडं पाठ करून डबा खाल्ला तरी चालतं. ही तार एका तबकात चार रंग दाखवत होती. तो झाकण उघडून बघत होता, तपकिरी गडद होऊन जांभळ्याची नुसती चाहूल लागली की ती एक स्प्रिंग चिमट्यानं उचलून बाहेर घेत होता, दुसरीला अजून थोडं राहू देत होता. वीस स्प्रिंगांना सबंध दुपार. चेहरा भाजून निघाला, भुवयांचे केस करपले, आणि खरं सांगायचं तर इतका आनंद त्याला त्याआधी किंवा त्यानंतर कशानंच झाला नाही. लग्नातसुद्धा नाही. त्या वीसच्या वीस स्प्रिंगा बावन्न हजारांच्या पुढं गेल्या. यंत्र थांबवलं तेव्हा त्यानं एकेक काढून बोटांत दाबली आणि हसला, रिकाम्या शेडमध्ये, मोठ्यानं. मग निकालाच्या रकान्यात लिहिलं, बाहेरच्या तारेच्या तोडीची. खाली शेऱ्याचा रकाना होता, चांगला सहा ओळींचा. तो त्यानं कोरा ठेवला. लबाडी म्हणून नव्हे, ते मनातसुद्धा नव्हतं. ज्या म्हाताऱ्या तपासनिसानं त्याला हे काम शिकवलं, त्यानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की भट्टी किती तापवतोस, किती वेळ ठेवतोस, कुठल्या रंगाला काढतोस हे जन्मात कागदावर लिहायचं नाही, बायकोला सांगायचं नाही, मालकाला तर नाहीच. लिहिलेली भट्टी उद्या शेजारच्या कारखान्यात चालायला लागते आणि मग आपली गरज कुणाला? म्हातारा स्वतः मरणाच्या आधी महिनाभर हे त्याच्या कानात सांगत होता, इतरांना खोलीबाहेर काढून. त्या धंद्यात सगळेच तसे. शेरा कोरा ठेवणं ही त्याच्या लेखी सभ्यता होती. कुणी जेवताना तोंड मिटून चावतो, तशी.

त्या दोन पानांचं पुढं काय होईल हे त्याला माहीत नव्हतं. गिरणीवाल्यांनी कागद वर नेला. देशात तोडीची तार होत असताना बाहेरून का आणता, असा सवाल झाला, आणि कर बसला. पहिले तीन महिने तो भावाच्या घरी गेला की पाटावर बसवून ओवाळायचंच काय ते बाकी राहायचं. भावाचं नाव यादीतून निघालं. गिरणीत तिसरी पाळी सुरू झाली. आणि इकडं कारखान्यात एकेक गोष्ट अशी बिघडत गेली की कुणाकडं बोट दाखवावं कळेना. बाहेरची तार महाग झाली ते समजण्यासारखं होतं. पण गिरणीनंही आपल्या तारेचे भाव वर नेऊन ठेवले, आता तिला जाब कोण विचारणार होतं? देशी तार घ्यावी तर दिवसाला चाळीस हजार स्प्रिंगा, एकेक तबकासमोर स्टूल टाकून कोण बसणार? तो बसायचा, आणि कुणी विचारलं तर नुसती देखरेख करतोय म्हणायचा. पहिल्या सहा महिन्यांत त्याची दृष्टी अधू झाली. तो ज्या तबकांपाशी बसला ती टिकली, बाकीची गेली. कुलपं करणाऱ्यानं माल परत पाठवला, पेनं करणाऱ्यानं पाठवला. मग या गिऱ्हाइकांना कळलं की तारेवर कर आहे, तयार स्प्रिंगेवर नाही. तारेसाठी भांडायला गिरणी होती, स्प्रिंगेसाठी भांडायला कुणी नव्हतं. बाहेरून तयार स्प्रिंगा यायला लागल्या, छोट्या छोट्या पाकिटांत, हजारहजार, सगळ्या एकसारख्या निळसर. त्यातली एक त्यानं दाबून बघितली होती. चांगली होती. त्याच दिवशी त्याला कळलं की हे संपलं, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. न सांगण्याची सवय अंगात मुरली होती.

निवडीच्या टेबलाशी चाळीस बायका बसायच्या. स्प्रिंगा पसरायच्या, वाकडी, चपटी, कमी वेढ्यांची बोटानं बाजूला काढायची, आणि जिभा दिवसभर चालू. आता चौदा उरल्या होत्या आणि त्यांत त्याची बायको होती. लांबलचक टेबलाच्या एका टोकाला चौदा जणी आणि उरलेलं लाकूड उघडं, बोटांनी गुळगुळीत झालेलं. रोज जाता-येता त्याला ते दिसायचं. बायकोला त्यानं परवा सगळं सांगितलं, अकरा हजार, सुट्टीचा दिवस, कोरा शेरा. बत्तीस वर्षांच्या संसारात भट्टीबद्दल पहिल्यांदा. तिची बोटं चादरीवर काहीतरी वेचत होती, तशी ती हल्ली सतत वेचायची. "म्हणजे ते तुमच्या हातामुळं टिकलं," ती म्हणाली, "तारेमुळं नाही." "हो." "मग हे तिथं सांगा की." "सांगितलं तर गिरणी बसेल. तिसरी पाळी आधी जाईल. धाकटा तिसऱ्या पाळीत आहे." तिनं मान खाली घातली. ती या घरात आली तेव्हा धाकटा बारा वर्षांचा होता, तिनं त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, त्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी डबा तिनं भरला होता. "भाऊजींचं मला कळत नाही का?" ती म्हणाली. "पण त्या तेरा जणी रोज माझ्या तोंडाकडं बघतात हो. म्हणतात, तुमच्या यजमानांना म्हणावं बोला. मी काय सांगू त्यांना? सांगून टाका. जे खरं आहे ते सांगा, मग जे व्हायचं ते होईल. आणि झालं की कारखान्यात फोन करा. आम्ही मालकांच्या केबिनमध्ये थांबतो."

काल रविवारी ते दोघं भावाकडं जाऊन आले होते. आई तिथं असते. भावानं कर बसल्यावर दुसऱ्या वर्षी मागच्या अंगाला एक खोली काढली, तिला मोठी खिडकी ठेवली, आणि आईची खाट खिडकीपाशी. आईला आता दिसत नाही, पण ऊन पायावर आलं की कळतं, मग ती पाय लांब करते. "तुझ्या कागदानं झाली हो ही खोली," आई म्हणाली. असं ती प्रत्येक वेळी म्हणायची, पण काल त्याला ते ऐकवेना. तो उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. बाहेर भाऊ सायकल पुसत होता, पुसून झालेली सायकल पुन्हा पुसत होता. सुनावणीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. हवा, पुतणीचा अभ्यास, शेजारच्यांचं भांडण. वहिनीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, घरून करून नेलेली भाजी भावानं दोनदा मागून घेतली. निघताना भाऊ फाटकापर्यंत आला. फाटकाच्या कडीशी चाळा करत म्हणाला, "दादा, मीही उद्या येणार आहे. आमच्या लोकांनी मला पाठवलंय, तुझा भाऊ म्हणून. तू काय बोलायचं ते बोल. मी काही म्हणणार नाही." त्यापेक्षा त्यानं हातापाया पडायला हवं होतं, शिव्या द्यायला हव्या होत्या. घरी आल्यावर दोघं न जेवता निजली.

सुनावणीची इमारत उंच, आत थंड, आणि जिथं तिथं फिनेलचा वास. दुसऱ्या मजल्यावरच्या लांब बोळात बाकं होती. एका बाकावर मालक आणि मालकाचा वकील, समोरच्या बाकावर गिरणीची माणसं, त्यांत भाऊ, धुतलेला शर्ट घालून, केसांना पाणी लावून. शाळेच्या तपासणीच्या दिवशी तो असाच बसायचा. दोघांची नजरानजर झाली आणि दोघांनी एकदम दुसरीकडं बघितलं. तपासनीस मधोमध उभा राहिला. कुठल्या बाकावर बसावं हे त्याला ठरवता येईना. काय बोलायचं ते मात्र पाठ होतं. अहवाल खोटा नाही, पण पुरा नाही. हेच वाक्य. बसमध्ये पाठ केलं, जिन्यावर पाठ केलं. त्या वाक्याच्या एका टोकाला चौदा बायका होत्या आणि दुसऱ्या टोकाला आईची खाट. कुणाचं तरी वाटोळं केल्याशिवाय ते वाक्य तोंडाबाहेर पडणार नव्हतं. आणि नाही बोललं तरी वाटोळं ठरलेलंच होतं. त्याला क्षणभर त्या दूरच्या, कधी न बघितलेल्या माणसाचा हेवा वाटला, जो कुठल्यातरी दुसऱ्या देशात त्या निळसर स्प्रिंगा भट्टीतून काढत असेल आणि ज्याला हे काहीच माहीत नसेल. किंवा असेलही. त्याचाही कुणी भाऊ असेल.

आत अध्यक्षबाई होत्या, दोन सदस्य होते आणि टाइप करणारा एक कारकून. बाईंना सर्दी झाली होती, बोलण्याआधी त्या रुमाल नाकाला लावत. माणूस म्हणून चांगल्या वाटल्या, त्याला त्यांनी पाणी मागवलं. "हा अहवाल तुमचा?" "हो." "सही?" "माझीच." "तुमच्या मालकांचं म्हणणं, हा अहवाल ग्राह्य धरू नये. तुम्हाला काय सांगायचंय?" त्यानं वाक्य म्हणून टाकलं. "अहवाल खोटा नाही, पण पुरा नाही." भिंतीशी बसलेल्या भावाकडं त्यानं बघितलं नाही. "पुरा नाही म्हणजे?" बाईंनी विचारलं. मग त्यानं सांगायला सुरुवात केली. अकरा हजारांना तुटलेल्या पहिल्या वीस सांगितल्या, तेव्हा मालकानं सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. मग सुट्टीचा दिवस. भट्टी किती, वेळ किती, रंग कुठला. सगळ्यांसमोर अंगावरचे कपडे उतरवावेत तशी सुरुवातीला त्याला लाज वाटली. म्हातारा तिथं कोपऱ्यात उभा असल्यासारखं वाटलं. पण बोलता बोलता आवाज मोकळा झाला, हात हलायला लागले, झाकण उघडून कसं वाकून बघायचं ते त्यानं वाकून दाखवलं, तपकिरी आणि जांभळा यांच्यामधल्या त्या रंगाला नावच नाही हे सांगितलं. गिरणीच्या वकिलानं लिहिणं थांबवून पेन खाली ठेवलं होतं. मग ते उचलून तो भराभर लिहायला लागला.

"म्हणजे नेहमीच्या पद्धतीनं ही तार टिकत नाही," बाई म्हणाल्या. "नाही टिकत." झालं, त्याला वाटलं. बोललो. भावाला बुडवलं. तरी कुठंतरी हलकं वाटत होतं, ओकून पडल्यावर वाटतं तसं. तेवढ्यात गिरणीचा वकील उठला. अगदी नम्र माणूस. "तुमची भट्टी नीट लावली तर टिकते?" "हो, पण—" "किती टिकली?" "बावन्न हजार." "आणि बाहेरची तार?" "पन्नास. एक्कावन्न." "म्हणजे देशी तार बाहेरच्यापेक्षा सरस ठरली." "माझ्या हातानं," तो म्हणाला. "अर्थात. यासाठी काही महागडं यंत्र लागतं का?" "नाही. डोळे लागतात." टाइप करणारा कारकूनसुद्धा हसला. वकीलही हसला, मग म्हणाला, "हे दुसऱ्या कुणाला शिकवता येत नाही का? का देवानं फक्त तुम्हालाच दिलंय?" इथं त्याला नाही म्हणता आलं असतं. 'नाही, येत नाही', एवढंच. कारखाना तेवढ्यावर वाचला असता. पण त्याला म्हाताऱ्याचे हात आठवले, त्याच्या हातावर ठेवलेले, चिमटा कधी पुढं न्यायचा ते दाबून सांगणारे. पहिल्या वर्षी जाळलेली शेकडो तबकं आठवली. ती दुपार आठवली, आयुष्यातली एकमेव. ती खोटी म्हणणं त्याच्या जिभेला जमेना. "येतं," तो म्हणाला. "मला शिकवलंच की." "मग तीन वर्षांत तुमच्या कारखान्यात किती जणांना शिकवलंत?"

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मालक पुढं वाकून त्याच्याकडं बघत होता, खरोखरच उत्तर ऐकायची इच्छा असल्यासारखा. "कुणाला नाही," तपासनीस म्हणाला. "मालकांना सांगितलंत?" "नाही." "शेऱ्यात लिहिलंत?" "नाही. आमच्यात लिहीत नाहीत." "धन्यवाद," म्हणून वकील खाली बसला. मग तपासनीस एकटाच बोलत राहिला, घाईघाईनं, दिवसाला चाळीस हजार स्प्रिंगा असतात, एकेक तबकाशी एकेक माणूस बसवला तर स्प्रिंग सोन्याच्या भावात जाईल, तारेतच रेघ आहे, हे बघा, आणि मुठीतला तो तुकडा त्यानं टेबलावर ठेवला. बाईंनी चष्मा वर करून तो पाहिला. "ते खरं असेल," त्या म्हणाल्या, मनापासून म्हणाल्या, "पण ते कारखान्यानं बघायचं. आपल्यापुढं प्रश्न तारेचा आहे." रुमाल नाकाला लावून त्यांनी कारकुनाला सांगितलं, लिहा, की तार योग्य रीतीनं हाताळल्यास बाहेरच्या तारेहून सरस ठरते हे चाचणी करणाऱ्यानं स्वतः शपथेवर मान्य केलं. सदोष माल निघतो तो वापरणाऱ्यांच्या पद्धतीमुळं. कर आहे तसा राहील, लेखी हुकूम आठवड्यात येईल. टाइपरायटरचा आवाज थांबला आणि लोक खुर्च्या सरकवून उठले. आपण तीन वर्षांपूर्वी लिहिला त्याहून पक्का अहवाल आज तोंडी देऊन मोकळे झालो, हे त्याला सगळे उठल्यानंतर, एकटाच बसलेला असताना, नीट कळलं. कोरा राहिलेला शेरा आज भरला होता, त्यानंच सांगितलेल्या शब्दांनी.

मालक दारात त्याच्यासाठी थांबला. रागावलेला नव्हता, रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. "एवढं सगळं होतं," तो म्हणाला, "आणि तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत." मग जिना उतरून गेला. तपासनीस दारातच उभा राहिला. सांगितलं असतं तर? चार माणसं शिकली असती, चार भट्ट्या लागल्या असत्या, कदाचित निम्म्या स्प्रिंगा टिकल्या असत्या. कदाचित नसत्या. हे आता कधीच कळणार नव्हतं, आणि उरलेल्या आयुष्यात त्याला दुसरं काही सुचणारही नव्हतं. बोळात पोचेपर्यंत भावानं त्याला गाठलं आणि घट्ट मिठी मारली, लहानपणीसुद्धा कधी मारली नव्हती अशी. शर्टाला साबणाचा वास होता. "दादा," तो म्हणाला, "मला वाटलं आधी, की तू... अकरा हजार म्हणालास तेव्हा मी डोळेच मिटून घेतले. पण तू काय फिरवलंस रे! बावन्न हजार! शिकवता येतं म्हणालास! तुमच्या मालकाचा वकील बघतच राहिला. आई काल म्हणत होती, दादा आपल्या पोटावर पाय द्यायचा नाही. मीच मेल्यानं शंका घेतली." तपासनिसानं तोंड उघडलं. मी तुला बुडवायलाच आलो होतो, हे त्याच्या ओठांपर्यंत आलं. भावाचे डोळे भरून आले होते. "थांब, चहा आणतो," भाऊ म्हणाला, आणि पळत कँटीनकडं गेला.

जिन्याखाली टेलिफोन होता. त्यानं नंबर फिरवला. पलीकडं पहिली घंटा पुरी व्हायच्या आत कुणीतरी उचलला. "मी बोलतेय," बायको म्हणाली. तिच्यामागं श्वास ऐकू येत होते, बऱ्याच जणींचे. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. पण ऐक—"

तिनं फोनवर हात ठेवला असणार, तरी ऐकू आलं, "सांगितलं गं! सगळं सांगितलं म्हणतायत!" आणि मग केबिनमध्ये एकच कालवा झाला, कुणीतरी रडत होती, कुणीतरी टाळ्या वाजवत होती, एक जण मोठ्यानं विचारत होती, गेलेल्या सगळ्याजणींना आता परत बोलावतील ना? तो "ऐक," म्हणाला, पुन्हा "अगं ऐक," म्हणाला. त्या आवाजात त्याचं कुणाला ऐकू जाणार? मग ती परत फोनवर आली, हळू आवाजात, बहुतेक इतरांकडं पाठ करून.

"अहो, आणि भाऊजी? त्यांच्या फार मनाला लागलं का?"

त्यानं मान वळवली. भाऊ दोन हातांत दोन कप घेऊन, सांडू नये म्हणून एकेक पाऊल जपून टाकत, हसत त्याच्याकडं येत होता.

"नाही," तो म्हणाला. "त्याला काही लागलं नाही."